वैजनाथ गुरुजी स्मृतिवन

गाव एखाद्यावर रागावलं तर त्याची समजूत काढता येते. चार माणसं मध्ये घालावीत, चहापाणी करावं, वर्षभर जरा मान खाली घालून वागावं, की सगळं निवळतं. पण गावाला एखाद्याचा उमाळा आला, की मग ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही. बोरखडीला वैजनाथ गुरुजींचा उमाळा आला तो गुरुजी गेल्यावर. जिवंत होते तोवर त्यांना ‘पाखरंमास्तर’ म्हणून हसणारी माणसंच आता त्यांचं नाव निघालं की उपरण्यानं डोळे टिपायला लागली होती.

गुरुजींच्या मुलीला, धनश्रीला, हा उमाळा कळला तो फोनवरून. रविवार होता. केडगावच्या घरात ती गवार मोडत बसली होती. फोन सरपंचाचा, सहादेवचा. सहादेव गुरुजींचाच विद्यार्थी. त्यांनी अक्षरशः कान धरून सातवीपर्यंत ओढत नेलेला.

“ताई, ग्रामसभेत ठराव झाला बरं का! एकमतानं,” सहादेवचा आवाज आनंदानं फुटत होता. “गुरुजींच्या नावानं वन करायचं. वैजनाथ गुरुजी स्मृतिवन. हजार झाडं! कुठं म्हनाल? त्यांच्याच माळावर. पाखरांसाठी जलम घालवला गुरुजींनी, मग पाखरांना बसायला झाड नगं व्हय?”

धनश्रीच्या हातातली शेंग हातातच राहिली. “फार छान,” एवढंच ती म्हणाली, कारण एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि गवार तशीच बाजूला सारली.

तिला या बातमीचा आनंद का झाला नाही, ते बोरखडीत कुणालाच समजलं नसतं. तो माळ पारनेर तालुक्यातल्या कुठल्याही माळासारखा. तांबडा मुरूम, कमरेइतकं कुसळी गवत, मधूनच तरवडाचं एखादं झुडूप. झाड म्हणाल तर औषधालाही नाही. पलीकडे राळेगणसिद्धीला पाणी आणि झाडी बघायला गाड्या भरभरून माणसं येतात, त्यामुळे या पट्ट्यात आपल्या गावचा उघडा माळ म्हणजे गावाची लाज, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. गुरुजींच्याही बसलेलं होतं की! शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा’ त्यांनीच शिडीवर चढून रंगवलेलं.

मग एकदा, धनश्री लहान असताना, घरची शेळी चुकली. ती शोधत बापलेक माळावर गेले आणि दिवस मावळता मावळता त्यांनी भोवत्ये उतरताना पाहिले. शेळी आपली आपण घरी आली. गुरुजी मात्र त्या दिवसापासून पुरते घरी आलेच नाहीत, असं आई म्हणायची.

भोवत्या हा शिकारी पक्षी. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा, उडतो तेही असं अलगद, की वाऱ्यानंच धरून ठेवलाय. हिमालयाच्या पलीकडच्या गवताळ मुलखातून हे पक्षी थंडीला इकडे येतात, ज्वारी-हरभऱ्याच्या रानांवरून टोळ टिपत हिंडतात आणि होळी झाली, उन्हं तापली, की चैत्रात परत निघतात. दिवसभर ज्याचा तो. पण तिन्हीसांजेला पंचक्रोशीतले सगळे एका जागी झोपायला जमतात. आणि झोपतात कुठं, तर जमिनीवर, गवतात. झाडावर भोवत्या झोपत नाही. आसपास झाडी वाढली तर ती जागाच सोडून जातो. “झाड नाही म्हणूनच तर येतात ते आपल्याकडे,” धनश्रीचे नाना, म्हणजे गुरुजी, सांगायचे आणि स्वतःशीच हसायचे. “जन्मभर झाडे लावा, झाडे लावा म्हणून घसा फोडला मी. आणि हे बेटे एवढ्या लांबून येतात ते झाड नाही म्हणून.”

एका ग्रामसभेत ते उठून म्हणालेही होते, माळ आहे तसा राहू द्या. मागून कुणीतरी ओरडलं, “का वो गुरुजी, कुसळं पांघरून झोपायचंय का?” सभा खदखदून हसली. गुरुजीही हसले आणि खाली बसले. भांडण हा त्यांचा पिंडच नव्हता. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि गावाच्या तर तो लक्षातही राहिला नाही. चांगल्या माणसाच्या गप्प बसण्याची किंमत पुढं भलतंच कुणीतरी मोजतं, याचा धनश्रीला नंतर फार राग आला. नानांचाच राग आला. मेलेल्या बापावर रागवायचं तरी कसं, ते मात्र कळेना.

ती पुढच्याच शनिवारी गावी गेली. एसटीतून उतरली, पण घराकडे न वळता पिशवी घेऊन तशीच माळावर गेली. नानांची बसायची जागा होती तिथं, बांधाच्या कडेला, ती पाय पोटाशी घेऊन बसली. होळी नुकतीच झाली होती. गवत वाळून पिवळंधमक झालं होतं आणि वाऱ्याबरोबर सगळा माळच कुशीवर वळल्यासारखा हलत होता.

ते आले. आधी एक, राखी रंगाचा नर, जमिनीपासून हातभर उंचीवरून. मग दोन तपकिरी माद्या. मग चहूकडून, कुणी सुप्याकडून, कुणी खालच्या ज्वारीच्या रानांतून. येणारा प्रत्येक जण एक-दोन घिरट्या घ्यायचा, जागा हेरायचा आणि पंख वर धरून गवतात असा उतरायचा, की गवत त्याच्यावर मिटून जायचं. आवाज नाही, गडबड नाही. थोड्या वेळानं माळ पुन्हा मोकळाच्या मोकळा. ज्यानं उतरताना बघितलं नाही, त्याला शपथ घेऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं, की इथं एवढी पाखरं निजली आहेत. नाना असते तर आता त्यांनी ओठांवर बोट ठेवलं असतं आणि दोघं चपला हातात घेऊन परत निघाले असते. धनश्रीनं चपला हातात घेतल्या आणि तिला रडू फुटलं.

थांबवायचं, काय वाट्टेल ते होवो. असं ठरवूनच ती घरी पोचली.

अंगणात पाऊल टाकलं आणि तो निश्चय तिथंच लटपटला. नाना मार्गशीर्षात गेले तेव्हापासून आईनं, पुष्पावतीनं, अंथरूण धरल्यासारखं केलं होतं. कुणी ताट पुढं ठेवलं तर दोन घास, नाही तर तेही नाही. वेणी नाही, बोलणं नाही. केडगावला चल म्हटलं तर नुसती मान हलवायची. धनश्री दर आठवड्याला फोन करायची आणि पलीकडून फक्त “हां” आणि “बरं” यायचं. आज मात्र तीच आई अंगणात उभी होती. काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या ओळीच्या ओळी मांडलेल्या, आणि आई पदर खोचून तांब्यानं एकेकीला पाणी घालत होती. केस विंचरलेले. स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास.

“आलीस? बघ तरी,” आई म्हणाली. “हे करंज, हे लिंब, ह्या बाजूला सगळी शिसवं. आन् ह्यो बकुळ. बकुळ मी माझ्या हातानं लावनार हाय, सहादेवाला सांगूनच ठिवलंय.”

“आई, तू जेवतेस ना गं नीट?”

“न जेवून कसं भागंल? हजार झाडांना पानी घालायचंय.”

आई हसली. धनश्रीनं कित्येक महिन्यांनी तिला हसताना बघितलं. रात्री आईनं स्वतः भाकरी थापली, दोन वेळा वाढून घेतलं आणि धनश्री तिच्या ताटाकडे बघत राहिली.

सकाळी ती सहादेवकडे गेली आणि मनातलं सगळं सांगून मोकळी झाली. भोवत्ये जमिनीवर झोपतात, झाडं झाली की येणार नाहीत, नानांचं सगळं वेड त्या उघड्या माळापायी होतं.

“भुईवर निजत्यात? एवढाली पाखरं?”

“हो.”

“मग गुरुजी आमाला कधी बोलले न्हाईत ते?”

“बोलले होते, सहादेवदादा. ग्रामसभेत. सगळे हसलात तुम्ही.”

सहादेवनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “कुसळं पांघरायचं मीच म्हनलो असंन,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “माझंच त्वांड तसलं.” मग एकदम उठून उभा राहिला. “ठराव फिरवू. त्यात काय! वड्याकडंला गायरान हाय, तिथं लावू हजार झाडं. पानी पन जवळ. पन ताई, काकूंना तुमी सांगायचं. मला न्हाई जमायचं. त्या लई जीव लावून बसल्यात.”

म्हणजे एवढंच राहिलं होतं. सरकार आडवं नव्हतं, गाव आडवं नव्हतं, पैसा आडवा नव्हता. आईला एक वाक्य सांगायचं, की झाला माळ मोकळा. धनश्री घरी परतताना ते वाक्य मनात घोळवत आली.

आई अंगणात ज्वारी निवडायला बसली होती. धनश्री तिच्या शेजारी टेकली.

“आई, हे वन ओढ्याकडे केलं तर? माळ आपला उघडाच बरा. नाना तसं म्हणायचे.”

आईचे हात थांबले. “वड्याला काय हाय त्यांचं?” ती म्हणाली. “वड्याला धुनं घिऊन मी जायची. माझा सगळा जलम वड्यावर गेला आन् त्यांचा माळावर. रोज दिवस मावळतीला जायचे. मी चहा टाकून बसायची, चहाचं पानी व्हायचं. तुला न्यायचे. मला कधी न्हाई म्हनले, पुष्पे, चल. मी बी कधी म्हनलं न्हाई, मला न्या. वाटायचं, म्हनतील एखाद दिवशी.” तिनं सूप हलवलं. “आता गावच म्हनतंय, काकू चला. तिथं माझ्या हातचं एक झाड असूं दे की गं.”

काय सांगणार होती धनश्री? तुझं झाड त्या माळावर नको, आई? तिथं नानांच्या आयुष्यात तुला जागा नव्हती, आणि आता ते गेल्यावरही नाही? हे तिला जमलं नाही. कुणाच्या पोटच्या पोरीला जमलं असतं?

तरी तिनं शेवटचा एक प्रयत्न केला. झाडं लागायचीच असली, तर निदान यंदाचे भोवत्ये सुखानं जाऊ देत. “मग अक्षय तृतीयेला लावू या? तोही मुहूर्तच आहे. घाई कशाला?”

“अक्षय तृतीया पितरांची,” आई म्हणाली. “मला एवढ्यात न्हाई त्यांना पितरांत बसवायचं. पाडव्यालाच लावायचं. औंदा आपल्या दारात गुढी न्हाई उभारायची, सुतकाचं वरीस हाय. मग ते झाडच माझी गुढी.”

धनश्रीनं परसात जाऊन सहादेवला फोन लावला आणि म्हणाली, “करा. माळावरच करा.” तो म्हणाला, “बरं, ताई.” त्याचा आवाज त्या पहिल्या दिवशीसारखा नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी जेसीबी आला. उताराला आडवे, एकाखाली एक असे चर खणायचे आणि चराच्या कडेला झाडं लावायची, ही या भागातली रीतच आहे. त्यात कुणाला काही विचारावं लागत नाही. दिवसभर मशीन घरघरत राहिलं. धनश्री घरातच बसून होती. कान दाबून धरावेत असं तिला वाटत होतं, पण आई प्रत्येक घरघरीला कौतुकानं म्हणत होती, “किती काम उरकतंय बघ.” त्या संध्याकाळी धनश्री माळावर गेली नाही. तिच्यात तेवढा जीवच नव्हता. भोवत्यांनी ती रात्र कुठं काढली, ते तिला माहीत नाही.

पाडव्याला कार्यक्रम ऊन उतरल्यावर ठेवला होता. गाव लोटलं होतं. बायका नव्या लुगड्यांत, शाळेची पोरं रांगेत, मांडवाच्या दारात गुरुजींचा हार घातलेला फोटो. आई पांढऱ्या काठाचं पातळ नेसली होती. बांधावरून माळावर पाय टाकताना तिनं धनश्रीचा हात धरला आणि जरा थांबली. नव्या घरात शिरताना बाई थांबते, तशी.

“हितंच बसायचे?”

“इथंच.”

समोर माळ नव्हताच. तांबड्या मातीचे ढिगारे आणि चर, चर आणि ढिगारे, पार टोकापर्यंत. मधल्या पट्ट्यांत कुठं कुठं गवत उरलं होतं तेही जेसीबीच्या चाकांनी लोळवलेलं. आईला ते दिसत नव्हतं. ती तिथं उद्याची सावली बघत होती.

सहादेवचं भाषण झालं. तो एरवी माईक सोडत नाही, आज चार वाक्यांत आटपला. मग आईनं बकुळ लावला. मुळापाशी माती ओढली, दोन्ही तळहातांनी दाबली, पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून तिथंच बसून राहिली. तिचे ओठ हलत होते. काय बोलली ते शेजारी उभ्या असलेल्या धनश्रीलाही ऐकू आलं नाही. सगळा संसार झाला तरी माळावर न नेणाऱ्या नवऱ्याशी काय बोलत असेल ती? धनश्रीला त्या क्षणी एवढं भरून आलं, की जे केलं ते बरोबरच केलं, असं तिनं स्वतःला बजावलं. तिचा विश्वासही बसला.

आणि तेवढ्यात ते आले.

आधी राखी नर. हातभर उंचीवरून सरळ आला आणि माणसांची गर्दी बघून वर उठला. मग माद्या. मग चहूकडून एकेक. एक-दोन घिरट्यांत जागा हेरून उतरणारे पक्षी, आज उतरेचनात. पंख वर धरून खाली यायचे, ढिगाऱ्याच्या अगदी जवळ यायचे, पाय सोडायचे, आणि पुन्हा उचलून वर. पुन्हा फेरी. पुन्हा खाली. आभाळ तांबडं झालं तसे ते आणखी गोळा झाले आणि सगळा थवा त्या चरांवरून गोल गोल फिरत राहिला. कुणी मोबाईल वर धरले, कुणी हात जोडले. “गुरुजी, गुरुजी,” एक म्हातारी मोठ्यानं रडायला लागली.

धनश्रीनं सहादेवकडे बघितलं. त्याची नजर तिच्या नजरेला भिडली आणि त्यानं मान खाली घातली.

“अगं बया!” आई उठून उभी राहिली. मातीचा हात तिनं तसाच धनश्रीच्या दंडावर ठेवला. तिचा चेहरा उजळला होता, लग्नातल्या फोटोत होता तसा. “ही व्हय त्यांची पाखरं? ही बघायला यायचे व्हय रोज? किती गं देखणी!”

“हो, आई.”

“आन् रोज असंच फिरत्यात का? एवढा येळ?”

भोवत्ये आता दमले होते. धनश्रीला कळत होतं. एका मादीनं पुन्हा खाली झेप घेतली, लोळलेल्या गवताच्या पट्टीशी आली, आणि पोरांच्या रांगेतून गलका झाला तशी बिचकून उडाली. चारच दिवसांत त्यांना निघायचं होतं, डोंगर ओलांडून जायचं होतं. त्याआधी त्यांना फक्त निजायचं होतं.

“नाही,” धनश्री म्हणाली. “रोज नाही. आजच.”

“त्यांच्यासाठी?”

“हो. नानांसाठी.”

आई रडली. नाना गेल्यापासून ती अशी मोकळी रडली नव्हती. धनश्रीच्या खांद्यावर डोकं टेकवून, लहान पोरीसारखी. बायका जवळ आल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. वर एकेक भोवत्या फेरीतून सुटत होता. कुणी दक्षिणेला गेला, कुणी ओढ्याच्या अंगाला. राखी नर शेवटपर्यंत घुटमळला आणि मग अंधारात दिसेनासा झाला.

आईनं डोळे पुसले आणि रिकाम्या आभाळाकडे बघितलं.

“आता कुठं निजतील गं ती?”

धनश्रीला नानांची फार आठवण झाली.

“झाडांवर, आई,” ती म्हणाली.

“मग बरं झालं बाई, आपण लावली ते,” आई म्हणाली, आणि तांब्यात राहिलेलं पाणी तिनं बकुळाच्या मुळाशी ओतलं.